सतरा खडे आणि भाकऱ्यांची वही

आमच्या पाड्यात कुणाकडे हळद असली की दुपारी तीन वाजता प्रत्येक घरातून एक बाई भाकऱ्या करायला येते. तांदळाच्या भाकऱ्या, हजाराच्या आसपास. त्यासाठी वेगळं बोलावणं लागत नाही. नियम तीनच आहेत. एका घरातून एक बाई. यायचं तीनला. आणि शेवटची भाकरी टोपलीत पडेपर्यंत उठायचं नाही. जी अर्ध्यावर उठेल, तिच्या घरच्या कार्यात बाकीच्याही अर्ध्यावर उठतील. शहापूरहून मुरबाडकडे जाताना सापगाव मागे पडलं की रस्त्याच्या आत असे बरेच पाडे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी हा रिवाज आहे. वही मात्र फक्त आमच्या पाड्यात आहे, कारण आमच्या पाड्यात मी आहे.

मी शहापूरच्या एका शाळेत कारकून आहे. हजेरीपटावर माझी अर्धी नोकरी गेली. भाकरी मला येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीत मोठ्या काकींनी माझ्या हातची भाकरी सगळ्यांसमोर वर धरून विचारलं होतं, "हा कंच्या देशाचा नकाशा गो?" मोठ्या काकी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलत्यांची बायको. आता सत्तरी ओलांडली आहे, तरी चुलीपाशी त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनीच मला भाकरी थापायच्या काथवटीपासून उठवून पीठ मोजायला आणि हजेरी लिहायला बसवलं. तेव्हापासून वही माझ्याकडे. पाच रकाने: घर, बाई, आली, उठली, शेरा.

या वहीत सगळ्यात सुरेख भाकरी करणारीचं नाव शोधायचं झालं तर ते माझ्या धाकट्या जावेचं. आमचं अंगण एक, चुली दोन. तिची भाकरी तव्यावर पडली की दोन मोजायच्या आत फुगते. भाताच्या लावणीत तिला ओळीच्या टोकाला उभं करतात, म्हणजे बाकीच्या तिच्या वेगानं सरकतात. अशी बाई गेल्या वर्षी तुळशीचं लग्न होऊन हळदी सुरू झाल्या तशी मांडवातून उठून जायला लागली.

पहिल्या हळदीत पाच चाळीसला उठली. दुसऱ्या हळदीत सव्वापाचला. तिसऱ्या हळदीत सहा वाजून पाच मिनिटांनी. तिन्ही वेळा उजव्या बरगडीखाली हात दाबून, वाकून, कुणाकडे न बघता. घरी जाऊन उलट्या करायची आणि दोन-तीन तास भिंतीला पाठ लावून बसायची. पाठीत, उजव्या खवाट्याच्या खालीही दुखतं म्हणायची. "पित्त हाय गो ताई. उसाळतं न् जातं," एवढंच तिचं निदान. कोकमाचं पाणी प्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघायची.

अडचण तिथेच होती. शेतावर दुखायचं नाही, घरी दुखायचं नाही. मांडवातच दुखायचं.

"लावनीत दिसभर वाकलेली असते, तवा बरं नाय दुखत. नाटक सगळं," काकी म्हणाल्या.

"काकी, शेत तिचं हाय. मांडव दुसऱ्याचा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, वैशाखात. तिसऱ्या हळदीत ती उठून निघाली तेव्हा काकींनी तव्यावरची भाकरी न उलटताच तिला ऐकवलं, "जा, जा. वैशाखात तुजी हळद हाय ना? आमी पन येऊ. आन् साडेपाचला उठू."

ती क्षणभर थांबली आणि तशीच वाकून निघून गेली. आमच्याकडे मुलीच्या हळदीला भाकऱ्या कमी पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून समजणार नाही. आचारी रस्सा करतो, मांडव ठेकेदार घालतो, पण भाकरी पाड्याच्या हातचीच लागते. ती नसली तर लोक जेवून जातात आणि त्या घराबद्दल वर्षानुवर्षं बोलतात.

मी काय केलं? मी शेरा लिहिला. "अर्धवट. पोटात दुखते म्हणते." 'दुखते' लिहून थांबता आलं असतं. मी 'म्हणते' लिहिलं. तीनदा.

माघात तिचे डोळे पिवळे झाले. मुरबाडच्या बाजूला तिचं माहेर. तिथे काविळीची माळ देणारा एक म्हातारा आहे. तिची आई माळ घेऊन आली. मुळांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले असतात. माळ डोक्यावर ठेवायची. ती दिवसागणिक सैल होत वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून खाली उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली, असा हिशेब. तेलकट बंद, जोंधळ्याची भाकरी आणि ताक. मी याला हसणार नाही. पाड्यातल्या निम्म्या घरांनी ही माळ घातलेली आहे आणि बहुतेक जण बरे झाले आहेत.

मी फक्त लिहायला लागले. सवय आहे, हात रिकामा राहत नाही. भाकऱ्यांच्या वहीच्याच मागच्या पानावर रोज सकाळी नोंद. माळ कुठे, डोळे कसे, लघवीचा रंग, खाज, ताप. पहिल्या दिवशी माळ कपाळावर. तिसऱ्या दिवशी कानाशी. पाचव्या दिवशी माळ गळ्यात, लघवी कोऱ्या चहासारखी, शौच मात्र पांढुरकं, अंगभर खाज, झोप नाही. सहाव्या दिवशी सकाळी थंडी वाजून ताप.

त्या सकाळी मी शाळेत फोन करून रजा टाकली आणि वही घेऊन तिच्या ओटीवर गेले. माझे दीर दारात उभे होते.

"वयनी, माळ उतारतेय ना आता? मदी तोडायचं नसतं."

"माळ खाली आली भाऊजी, कावीळ वर चाललीय. हे बघा." मी सहा दिवसांच्या सहा ओळी त्यांना वाचून दाखवल्या. उत्तर आतून आलं. जाऊ भिंतीला धरून उठली होती.

"ताई, पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं. तिनं दोन्ही हातांनी माळ गळ्यातून काढली आणि खुंटीला लावली. "टाकू नको हां. आयला वाईट वाटंल," ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "गाडी बगा. मला वैशाख बगायचा हाय."

मी तिच्या धाडसाबद्दल पुष्कळांना सांगते, तेव्हा लोकांना वाटतं मी ऑपरेशनबद्दल बोलतेय. मी या माळेबद्दल बोलत असते. आईनं आणलेली वस्तू, नवरा दारात आडवा उभा, ताप चढलेला, आणि ही बाई सहा ओळी दोनदा ऐकून स्वतःचा निर्णय स्वतः घेते.

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी पोट दाबून पाहिलं. बरगडीखाली बोटं ठेवून श्वास घ्यायला सांगितला, तशी जाऊ श्वासाच्या मध्येच अडकली. मग प्रश्न सुरू झाले. आधी कधी दुखलं होतं? किती वेळ? त्याआधी काय खाल्लं होतं?

"पित्त हाय मॅडम. कवा कवा उसाळतं."

"कधी कधी म्हणजे?"

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मला तारखा माहीत होत्या. त्या माझ्या मांडीवरच होत्या, पण वहीच्या पुढच्या बाजूला. मी वही उघडली आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात वाचलं. पाच चाळीस, सव्वापाच, सहा पाच.

"ही वेळ कसली?"

"मांडवातून उठल्याची," मी म्हटलं.

"आणि खाल्लं कधी?"

हे वहीत नव्हतं, पण लिहायची गरजच नव्हती. हळदीच्या घरी बायका तीनला आल्या की चहा आणि भजी येतात. परातभर, गरम. भाकऱ्या पडायला लागल्या की पहिल्या भाकरीबरोबर वाटीभर मटणाचा रस्सा, तर्रीसकट, मीठ-तिखट चाखायला. इतर दिवशी आमच्या घरांत वरण, भाजी, सुकट, नाचणीची आंबील. वर्षभर तेल जपून वापरणाऱ्या बाईच्या पोटात एवढं तळलेलं आणि तेलकट एकदम जातं ते फक्त मांडवात.

डॉक्टरीणबाईंनी वही माझ्या हातातून घेतली, रकान्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पित्ताशय म्हणजे पित्ताची पिशवी. तेलकट, तुपकट खाल्लं की ती आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. आत खडे असले तर आवळताना तोंडाशी अडकतात. मग तास-दोन तासांत हे असं दुखणं. शेतात कसं दुखेल?" मग शेऱ्याचा रकाना वाचून त्यांनी विचारलं, "हे 'म्हणते' कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हटलं.

जावेनं खाजणाऱ्या हातानं माझ्या हातावर एक चापट मारली, एवढंच.

सोनोग्राफीत पिशवी खड्यांनी भरलेली दिसली, पिशवीची भिंत सुजलेली, आणि एक खडा घसरून पित्ताच्या नळीत बसलेला. कावीळ त्याची होती. यकृताची नव्हती, म्हणून पथ्य पाळून आणि वाट बघून ती जाणार नव्हती. नळीत तुंबलेल्या पित्तात जंतू वाढायला लागले होते, म्हणून थंडीताप. "अजून चार दिवस थांबला असतात तर मी हे इतक्या शांतपणे सांगत नसते," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, पिशवीच का काढायची, खडे काढून भागत नाही का. माझ्या प्रश्नांचा त्यांनी कंटाळा केला नाही, आणि मी वहीत लिहून घेतलं. ते पान अजून आहे. खडे काढले आणि पिशवी ठेवली तर पिशवी पुन्हा खडे करते. औषधानं विरघळवायचे तर फार थोडे विरघळतात, महिनोन् महिने लागतात आणि परत होतात. पिशवी काढायला सांगतात ती अशी कारणं असली की: खड्यांमुळे पुन्हा पुन्हा कळ येणं. पिशवीला सूज किंवा पू. खडा नळीत जाऊन कावीळ होणं. खडा आणखी खाली सरकून स्वादुपिंडाला सूज येणं, आणि हे फार वाईट. कधी पिशवीच्या आत मांसाचा मोठा कोंब वाढलेला दिसतो, तो पुढे कर्करोगाचा निघू नये म्हणून. कधी खडे नसतातच, पण पिशवी नीट आवळत नाही आणि दुखत राहतं. "आणि खडे आहेत पण कधीच दुखलं नाही, तर बहुतेकांना आम्ही हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "हे शेवटचं पण लिहा. नाहीतर उद्या सगळा पाडा घेऊन याल."

जावेला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या.

"पिशवी नसली तर पित्त कुटं राहनार?"

"पित्त यकृतात तयार होतं. पिशवी फक्त साठवते. ती नसली की थेंब थेंब सरळ आतड्यात जातं. माणूस जेवतो, पचतं."

"मंग भाकऱ्या कवा थापता येतील?"

डॉक्टरीणबाई हसल्या. लग्न कधी आहे ते विचारलं, बोटांवर महिने मोजले. "वैशाख म्हणता ना? येतील."

ऑपरेशनसाठी कल्याणच्या हॉस्पिटलात आठवडाभर गेला. आधी तोंडातून नळी घालून पित्ताच्या नळीतला खडा काढला. ताप गेला, डोळे निवळायला लागले. मग तिसऱ्या दिवशी दुर्बिणीतून पिशवी काढली. पोटावर चार बारक्या जखमा. मी औषधांच्या वेळांचा कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवला होता. नर्स येऊन तो वाचायची आणि म्हणायची, "मावशी, माझी ड्यूटी तुम्हीच करा." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागदांवर सही घ्यायला डॉक्टर आले तेव्हा दीर पुढे झाले, तर जाऊ म्हणाली, "पिशवी माजी हाय. सही मी करनार." सातवीपर्यंत शिकलेली आहे. पूर्ण नाव लिहिलं, वर रेघ मारली.

नंतर त्यांनी खडे एका प्लास्टिकच्या डबीत घालून दिले. हरभऱ्याच्या डाळीएवढे, कुळथाच्या रंगाचे, काही चपटे, काही टोकदार. मी मोजायच्या आत तिनं मोजले होते.

"सतरा. लिव."

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तिनं मला वही घेऊन यायला सांगितलं. मला वाटलं लग्नाची यादी करायची असेल. तिनं डबी पदरात बांधली आणि निघाली. आमच्या पाड्यात बत्तीस घरं. ती काकींपासून सुरू करणार होती.

"माफी मागायला चाललीस?" मी विचारलं.

"माफी कशाची? मी खडे दाकवायला चालले."

काकी अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. जावेनं त्यांच्यापुढे बसून डबी उघडली.

"काकी, हे माजं नाटक. सतरा हायत. मोजा."

काकींनी चष्मा मागवला. खडे तळहातावर ओतले. एक एक बाजूला सरकवत खरंच मोजले. मग एक खडा चिमटीत धरून उन्हाकडे बघत म्हणाल्या, "अगो, यातला एक तरी तवाच दाकवायचा ना."

"तवा आत व्हते, काकी."

आधी काकी हसल्या, मग ती, मग टाके ओढले गेले म्हणून पोट धरून पुन्हा ती. मी वही उघडली. शाळेत खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते. काकींच्या समोर मी तिन्ही शेरे खोडले, सही केली आणि वर लिहिलं, "पित्ताशयात खडे. दुखत होते." मग ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "चूक माझी."

"तू लिवलंस, मी बोलले," काकी म्हणाल्या. "निम्मी निम्मी." खडे त्यांनी स्वतः डबीत भरले आणि उठून पायांत चपला घातल्या. उरलेल्या एकतीस घरांत डबी त्यांनीच फिरवली, आम्ही दोघी मागे. त्यातलं एक घर जावेचं होतं आणि एक माझं, पण काकींना ते सांगून उपयोग नव्हता. माझ्या नवऱ्यालाही खडे मोजावे लागले.

त्या फेरीचा एक फायदा झाला. दोन बायकांनी बरगडीखाली हात ठेवून "मला पन इतंच" असं सांगितलं. मी दोघींना शहापूरला नेलं. एकीला नुसती आम्लता निघाली. दुसरीला खडे होते, पण तिचं दुखणं पाठीच्या मणक्याचं होतं आणि खड्यांनी कधी त्रास दिलेला नव्हता. तिला डॉक्टरीणबाईंनी लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवलं. ती जरा नाराज झाली. तिलाही डबी हवी होती.

वैशाखातली हळद. दुपारी तीनला मी वही घेऊन मांडवात बसले. दोन वाजून पन्नास मिनिटांनी काकी आल्या. तीनपर्यंत एकतीस घरं आली. कुणी उशीर केला नाही. बत्तिसावं घर जावेचं स्वतःचं, आणि आमच्याकडे कार्यघरची बाई भाकऱ्यांना बसत नाही. तिला हजार कामं असतात. वहीत तिचं नाव नसतं.

तीन दहाला जाऊ मांडवात आली, पदर खोचला आणि मधल्या चुलीची काथवट पुढे ओढली.

"अगो, तू मुलीची आय. जा, पावणे बग," काकी म्हणाल्या.

"पावणे आमचे ते बगतायत. ताई, माजं नाव लिव."

चहा आणि भजी आली. सगळ्यांनी घेतली आणि एकीनंही तोंडात टाकलं नाही. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिनं दोन भजी उचलली, सावकाश खाल्ली, चहा प्यायली आणि हात धुवून उकडीत घातला. पाऊण तासानं पहिल्या भाकरीबरोबर रस्सा आला. वाटीवरची तर्री तिनं चमच्यानं शेजारणीच्या वाटीत काढली आणि खालचा रस्सा भाकरीबरोबर खाल्ला. "मीठ बरोबर हाय," म्हणाली.

पाच वाजले. सव्वापाच. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, आणि माझं एकटीचंच नव्हतं. साडेपाचला काकींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पाच चाळीसला चुलीभोवती बोलणं थांबलं. नुसता भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. जावेनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, टोपलीत टाकली आणि मान वर न करता म्हणाली, "हात चालवा गो. नाटक संपलं."

एवढ्या मोठ्यानं हसणं त्या मांडवात आधी झालं नव्हतं. नवरी हळदीच्या पाटावरून उठून बघायला आली.

शेवटची भाकरी सहा पन्नासला पडली. एकेक बाई उठली, मी एकेकीची वेळ लिहिली. एकतीस घरं, एकतीस वेळा. जाऊ अजून बसलेली होती. चुलीतली लाकडं ओढत होती, काथवट खरवडत होती, मुलीला तिथूनच ओरडून सांगत होती की बांगड्या जपून. मी पेन धरून थोडा वेळ थांबले. मग मला जेवायला बोलावलं, आणि मी वही मिटली.

तिच्या नावापुढे 'आली ३.१०' आहे. 'उठली'ची जागा कोरी आहे. शेऱ्याचीही. माझ्या वहीत मी कोरी जागा कधी ठेवत नाही. ही ठेवली आहे.